चुलीशिवायचं घर

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, गोष्ट हलक्या आवाजात सांगायची आहे. मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी घडलेली, आकाशातून घरं ओळखणाऱ्या एका मुलाची आणि त्याच्या बापाची. शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण उठून जाऊ नका, कारण शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

मुलाचं नाव लुफेयो. वय एकतीस, नोकरी झोम्बा शहरातल्या एका नकाशा कचेरीत. दर वर्षी कोरड्या दिवसांत, म्हणजे आमच्याकडच्या ऑगस्टमध्ये, विमानातून फोटो काढले जात, आणि त्या फोटोंतून घरं शोधून काढायची, हे त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वरून दिसतात ती नुसती छपरं. गवताचं छप्पर माणसाचं, गवताचंच छप्पर मक्याच्या कणगीचं, चूलघराचं, संडासाचं. कुठल्या छपराखाली माणूस झोपतो हे देवाला दिसतं; संगणकाला ते कोणीतरी शिकवावं लागतं.

लुफेयोने शिकवलं होतं. त्याने संगणकाला नियम घालून दिले होते. चूलघर राहत्या घरापासून पंधरा पावलांच्या आत. संडास चूलघराच्या पाठीमागे, पण लांब. एका अंगणात बहिणी-बहिणींची घरं आणि दारं एकमेकींकडे. पायवाट पोचत नाही तिथे माणूस राहत नाही. मग संगणक शब्दकोडं सोडवावं तसं करी. हे छप्पर घर मानलं तर शेजारचं चूलघर ठरतं, ते चूलघर ठरलं की पलीकडची कणगी ठरते, आणि कुठे नियम मोडला की मागे येऊन पुन्हा मांडणी. एकही नियम मोडत नाही असं उत्तर सापडलं की काम संपलं. लोक म्हणत, लुफेयोचं यंत्र चुकत नाही. ते खरंही होतं. सांगितलेल्या नियमांत ते कधी चुकलं नाही.

या सगळ्या नियमांच्या डोक्यावर एक नियम होता, तो त्याने आईकडून घेतला होता. त्याची आई म्हणायची, चुलीशिवाय घर नाही. भांडताना म्हणायची, लेकीचं लग्न ठरवताना म्हणायची, शेजारीण नवीन विटांच्या भिंती मिरवायला लागली की हमखास म्हणायची. मलावीच्या या दक्षिणेकडच्या मुलखात ते शब्दशः खरं आहे. इथे घर बाईचं. प्रत्येक पुरुष घरजावई. बायकोच्या गावी येतो, भिंती चढवतो, छप्पर शाकारतो आणि स्वतः बांधलेल्या घरात पाहुण्यासारखा म्हातारा होतो. म्हणून लुफेयोने पहिल्या ओळीत लिहिलं होतं: ज्या छपराला चूलघर नाही, ते घर नाही.

आता त्याच्या बापाचं सांगतो. बापाचं नाव जायलोस. उंच, वाकलेला, हाताने फारसा कुशल नाही, पण गळा असा की रविवारी चर्चमध्ये पाळक बोलता बोलता थांबले की त्यांचं वाक्य हा उचलायचा आणि गायला लागायचा. मंडळी मागून साथ द्यायची. पाळकांचं अर्धं प्रवचन असं जायलोसच्या गळ्यातून व्हायचं. बायका म्हणायच्या, बोलतात पाळक, पण कानात राहतो जायलोस.

नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको वारली. चाळिसाव्या दिवशी तिच्या भावाने, म्हणजे लुफेयोच्या मामाने, रिवाजाप्रमाणे जायलोसच्या हातात एक कुदळ आणि एक कोंबडी दिली आणि म्हटलं, "दाजी, तुम्ही आम्हाला चांगलं सांभाळलंत. आता तुम्ही मोकळे." याचा अर्थ, जा. लुफेयो मामाच्या शेजारी उभा होता. मुलं आईच्या कुळाची, त्यामुळे त्याची जागाही तीच. तो काही बोलला नाही. बापानेही त्याच्याकडे पाहिलं नाही, मुलाला अवघडायला नको म्हणून.

जायलोस कोंबडी काखोटीला मारून आपल्या आईच्या गावी, नामिकोम्बेला गेला. आई कधीच वारली होती. बहीण अलेफा होती, तिचं अंगण होतं. अंगणाच्या कडेला त्याच्यासाठी एक खोपी उभी राहिली. जेवायला बहिणीकडे.

लुफेयो एकदाच भेटायला गेला, तीन वर्षांपूर्वी. आत्याच्या ओसरीवर बसून न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि भोपळ्याच्या पानांची भाजी खाल्ली. बाप म्हणाला, "चल, माझी खोपी बघून घे. दोन पावलांवर आहे." रस्त्यावर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. लुफेयो म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की, बाबा."

पुढची वेळ आली ती अशी.

चार दिवस पाऊस कोसळत होता. मंगळवारी पहाटे डोंगराची एक बाजू खचली आणि दगडमातीचा लोंढा तीन गावांवरून गेला. दहा वाजता कचेरीत हुकूम आला की चिखलाखाली घरं कुठे होती त्याची यादी पाहिजे. जमिनीवर ओळखीची एकही खूण उरली नव्हती. ओढ्याने जागा बदलली होती. घरं होती ती फक्त ऑगस्टच्या फोटोत. लुफेयोने यंत्र लावलं, दोन वाजता यादी गेली. एकट्या नामिकोम्बेत त्रेसष्ट घरं, प्रत्येकाची नेमकी जागा, कोणत्या घरात किती माणसं असावीत त्याचा अंदाज. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

शेजारच्या टेबलावरची टामांडा म्हणाली, "नामिकोम्बे म्हणजे तुझ्या आत्याचं गाव ना?"

"हो. पण लोक आदल्या दिवशीच बाहेर पडलेत. पाळकांनी सोमवारी संध्याकाळी सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत नेलं."

त्याने आत्याचं अंगण उघडून पाहिलं. मोठं पत्र्याचं घर, चूलघर, संडास, आणि तीन लहान छपरं. तिन्हींच्या पुढे लिहिलं होतं, कणगी. एका बाईला तीन कणग्या कशाला, हा प्रश्न त्याला पडला नाही. एकही नियम मोडत नव्हता.

बुधवारी सकाळी पाळकांच्या फोनवरून आत्याचा आवाज आला.

"लुफेयो, तुझा बाप इथं नाही."

"दुसऱ्या शाळेत असतील, आत्या. खालच्या गावची—"

"खालची शाळा चिखलात आहे. ऐक. मी त्या फौजेच्या साहेबाला सांगितलं, माझा भाऊ तिथं आहे, उकरा. तो कागदावर बोट ठेवून म्हणतो, आई, या जागी कणगी आहे, आम्ही मका उकरायला आलेलो नाही. मी विचारलं, कागद कुणाचा. म्हणे झोम्ब्याहून आलाय. मग मला आठवलं, झोम्ब्याला आपलं पण कुणीतरी असतं."

"आत्या, तीन छपरांपैकी बाबांचं कोणतं?"

"तुला ठाऊक नाही होय," एवढंच म्हणाली, आणि पाळकांच्या फोनमधला जीव संपला.

लुफेयोने पहिल्या ओळीतला नियम काढून यंत्र पुन्हा लावलं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. नियम नव्हता तेव्हा कुठलंही लहान छप्पर घर होऊ शकत होतं. नामिकोम्बेत नवीन शहाण्णव घरं निघाली. प्रत्येक कणगी आता कुणाचं तरी घर होती. तेवढी उकरायला दोन महिने लागले असते.

"असं कर," टामांडा म्हणाली, "बाबांचं एक हातानं लिही आणि पाठव. कुणी विचारणार नाही."

"कोणतं लिहू?"

तिने त्याचा पडदा स्वतःकडे वळवून ती तिन्ही छपरं पाहिली. मग म्हणाली, "आणि तुझे बाबा एकटे थोडेच असतील. माझे मोठे काका असेच परत आलेत. त्यांना पण आपण कणगीच लिहिलं असणार."

ताडपत्र्या घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये तो चढला. पूल वाहून गेला होता, तिथून पुढे तासभर चालला. लॅपटॉप पिशवीत गुंडाळून डोक्यावर घेतला होता. शाळेत पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

वर्ग गच्च भरले होते. बायका, लेकरं, कोंबड्या, गाठोडी. आत्या अलेफा व्हरांड्यात पाय लांब करून बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. त्याला पाहून ती उठली नाही.

"ये, साहेब," ती म्हणाली. "बस. खुर्ची नाही."

तो जमिनीवर बसला. "बाबा तुमच्याबरोबर का नाही आले?"

"पाळक आले ते अंगणाअंगणात आले. बायकांना म्हणाले, पोरंबाळं घ्या आणि चला. आम्ही निघालो. मी त्याला हाक मारली, तर म्हणतो, पुढं हो, कणगीला दगड लावून येतो. तुझा मका भिजायला नको." तिने नाक पुसलं. "माझा मका."

त्याने लॅपटॉप उघडला. आत्याने आपलं अंगण आयुष्यात कधी वरून पाहिलं नव्हतं. आधी तिला काही उमगलं नाही, डोकं इकडून तिकडे वाकवून पाहत राहिली. मग तिचं बोट पुढे आलं. "हा माझा आंबा. हे चूलघर. ही कणगी. ही पण कणगी, ही थोरल्या लेकीची." बोट थोडं खाली सरकलं. "आणि हा तुझा बाप."

"कशावरून ओळखलंस? तिन्ही सारखीच दिसतात."

"सारखी कशी? डोळे आहेत का बटणं? माझी केरसुणी कुठपर्यंत फिरते ते बघ ना."

आणि तिने दाखवलं तेव्हा त्याला दिसलं. घराभोवतीची जमीन पांढुरकी होती, रोज पहाटे झाडून झाडून गुळगुळीत झालेली, कडेला गोल. दोन्ही कणग्या त्या पांढऱ्यात होत्या. तिसरं छप्पर त्या गोलाच्या बाहेर, गवतात.

"कणगीखाली झाडावंच लागतं, नाही तर उंदीर. पण बायको मेलेल्या माणसाच्या दारात बहिणीनं केरसुणी फिरवायची नसते. लोक तोंडाला येईल ते बोलतात. आणि तो स्वतः झाडतोय होय? पुरुषानं झाडलेलं अंगण तू कुठं बघितलंस?" तिचं नख एका केसाएवढ्या रेषेवरून गेलं. "ही त्याची वाट. माझ्या चुलीपर्यंत, जेवायला. दुसरी वाट नाही. त्याच्याकडं जाणार कोण?"

ते लुफेयोलाच विचारलेलं होतं.

एव्हाना बायका भोवती जमल्या होत्या. एक म्हणाली, माझा भाऊ आहे तिथं, वायसन. दुसरी म्हणाली, आमचा मामा, त्याला धड ऐकू येत नाही. त्या सोमवारी निघताना त्यांनीही हाका मारल्या होत्या आणि पुढं हो असं उत्तर ऐकलं होतं.

पाळकांचा फोन ट्रकच्या बॅटरीवर लावून थोडा जिवंत केला आणि लुफेयोने टामांडाला लावला.

"लिहून घे. लहान छप्पर, झाडलेल्या जमिनीच्या बाहेर."

"झाडलेली जमीन म्हणजे कशी ओळखायची?"

"पांढुरकी माती, कडा गोल, मधे घर. छपराला एकच वाट, आणि ती वाट दुसऱ्याच्या चूलघराला जाऊन थांबते. असं असेल तर तिथं एक माणूस राहतो."

"आणि चुलीचा नियम?"

"त्याला अपवाद म्हणून लिही हे."

"झाडलेल्या जमिनीच्या कडा हातानं तपासाव्या लागतील, लुफेयो. दोन तास तरी."

"तपास."

साडेचारला उत्तर आलं. शहाण्णवांतून चार उरली. तिन्ही गावं मिळून अकरा. अकरा पुरुष, ज्यांना त्याच्या यंत्राने मका ठरवलं होतं.

फौजेचा अधिकारी शाळेमागे पोकलेनजवळ उभा होता, दोन दिवस न झोपलेला, दाढी वाढलेला. त्याने चारही जागा पाहिल्या आणि कागद परत दिला. "एकेका खोपीत एकेक म्हातारा. माझ्याकडं एक मशीन आहे. वरच्या वाडीत सहा माणसांचं घर राहिलंय, यादीत पहिल्या पानावर आहे. ते सोडून मी तुमच्या वडिलांकडं जाऊ?"

"ती यादी मीच केली, साहेब. ती चुकली आहे."

"काल म्हणालात बरोबर आहे. आज म्हणता चुकली. उद्या काय म्हणाल?"

उत्तर आत्याने दिलं. ती कधी मागे येऊन उभी राहिली ते लुफेयोला कळलंच नव्हतं.

"साहेब, त्या सहा माणसांच्या घरातली सहाच्या सहा माणसं आत तिसऱ्या वर्गात बसून लापशी खातायत. जाऊन मोजा. ज्या घरांत बाई होती त्या घरांना कुणीतरी चला म्हटलं. तुम्ही रिकामी घरं उकरताय आणि भरलेली सोडताय."

अधिकाऱ्याने पोकलेनच्या चालकाकडे पाहिलं. नेडसन नाव त्याचं, हातात चहाचा पेला. तो पेल्यात बघत म्हणाला, "कालपासून मी मडकी उकरतोय, साहेब. नऊ घरं झाली. फक्त एका घरात माणसं मिळाली. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

अधिकारी वर्गात गेला, मोजून आला. मग त्याने वर डोंगराकडे पाहिलं. उजेड जात होता, वरून अजून माती घसरत होती. "उद्या फटफटताना," तो म्हणाला. "आता नाही. माझी माणसं पण मरतील." ते खरं होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही.

गुरुवारी उजाडताच सगळे खाली उतरले. नेडसनने इंजिन सुरू करून लुफेयोला विचारलं, "भाऊ, आधी कुठली? तुम्ही म्हणाल ती."

नकाशावर चार टिंबं होती. बापाचं तिसरं, ओढ्यापलीकडे. लुफेयोच्या तोंडात शब्द आला होता. आत्या शेजारीच उभी होती. तिने त्याच्याकडे न बघताच नेडसनला सांगितलं, "वाटेत पहिली लागेल ती. त्यांनाही बहिणी आहेत."

तो शब्द लुफेयोने गिळला. पुढे कितीदा तरी त्याने स्वतःला विचारलं की आत्या बोलली नसती तर आपण काय म्हणालो असतो. त्याला माहीत होतं काय म्हणालो असतो.

आमच्याकडे माती उकरताना एक पद्धत आहे. मशीन थांबवायचं, बायकांनी गाण्याची एक ओळ मोठ्याने म्हणायची, आणि लगेच गप्प व्हायचं. सगळ्यांनी. लेकराच्या तोंडावरही हात. खालचा माणूस जिवंत असेल तर तो पुढची ओळ म्हणेल, नाही तर काही ठोकेल, निदान कण्हेल. रविवारी पाळक आणि मंडळीत जे चालतं तेच, फक्त इथे साथ जमिनीतून यायची असते. बायकांनी ओळ उचलली:

"वाटेवर अंधार, कोण आहे संगे?"

शांतता. ओढ्याचा आवाज तेवढा. मग खालून टक, टक, टक. लाकडावर दगड. वायसनची बहीण हातांनीच माती उपसायला लागली.

वायसनला दोन तासांनी बाहेर काढलं. एक पाय कायमचा गेला होता, तोंड मातीने भरलेलं, पण डोळे उघडे. त्याने पाणी मागितलं आणि नंतर शेळ्यांचं विचारलं. दुसऱ्या खोपीत तो बहिरा मामा होता. ओळ दहादा म्हटली. नंतर लक्षात आलं की त्याला ती ऐकू जाणारच नव्हती, म्हणून उत्तर नसतानाही उकरलं. तो पहिल्याच धक्क्यात गेला होता, झोपेत. त्याच्या भाच्या रडल्या, पण झोपेत गेला, हे एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

तिसऱ्या टिंबावर पोचले तेव्हा अकरा वाजले होते. टिंब अचूक होतं. चार हात मातीखाली गवताचं छप्पर लागलं. बायकांनी ओळ म्हटली. गप्प झाल्या. पुन्हा म्हटली. ज्याने आयुष्यभर ही ओळ उचलली त्याच्याकडूनच साथ येत नव्हती. आत्याने तिसऱ्यांदा एकटीने म्हटली.

पुढे फावड्यांनी उकरलं. छपराचे वासे एका बाजूला टेकून राहिले होते आणि त्याखाली एक पोकळी होती, माणूस बसू शकेल एवढी. जायलोस त्यात बसलेला होता. गुडघे छातीशी, पाठ भिंतीला, उजव्या हाताची नखं गेलेली. समोरच्या भिंतीत त्याने कोपरभर खोल खोबण कोरली होती.

फौजेच्या वैद्यकीय पथकातला एक शिपाई तिथे होता. त्याने मान चाचपली, हाताची बोटं वाकवून पाहिली, पापणी उघडून पाहिली. मग अधिकाऱ्याला हळू आवाजात सांगितलं, पण जागा लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं. "हे काल संध्याकाळनंतरचं आहे. कदाचित पहाटेचं."

म्हणजे मंगळवारी दुपारी यादी निघाली, मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा तो जिवंत होता. बुधवारी सकाळी आत्याने फोन केला तेव्हाही. दोन दिवस तो भिंत कोरत होता आणि वरून मशीन दुसरीकडे मडकी काढायला जात होतं.

लुफेयो त्या पोकळीत उतरला. बापाची खोपी त्याने अशी पाहिली, गुडघ्यांवर, अर्ध्या मातीत. खाटेचे दांडे होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गाण्यांची वही होती. आणि कोपऱ्यात, बाहेरून कधीच दिसल्या नसत्या अशा, तीन काळ्या विटा होत्या. मधे राख. त्यावर पालथं पडलेलं पत्र्याचं डबडं.

त्याने डबडं वर दिलं. आत्याने हातात घेऊन पाहिलं, वास घेतला. "चहा," ती म्हणाली. "चोरून चहा करत होता. मला म्हणायचा, तुझ्याच हातचं चालतं मला. नऊ वर्षं." तिचा आवाज रागाने चढला होता. "मी साखर दिली नसती काय त्याला?" मग ती डबड्यासकट खाली बसली, आणि बायकांनी तिला घेरलं.

त्याच दुपारी जायलोसला पुरलं, त्याच्या आईच्या कुळाच्या माळावर. पाऊस थांबला होता. पाळक बोलत होते, मधे थांबले, सवयीने. कुणी ओळ उचलली नाही. त्यांना स्वतःच पुढे बोलावं लागलं.

निघताना लुफेयो आत्याशी बोलला. बोलला म्हणजे एकच वाक्य. "मंगळवारच्या यादीत ते असते तर वाचले असते."

"असते," आत्या म्हणाली. त्याचं सांत्वन केलं नाही, आणि त्याला दोषही दिला नाही. थाळी पुढे केली. "जेव आणि मग जा. ट्रकवाल्याला भोंगा वाजवू दे."

तो जेवला. ट्रक गेला, तो दुसऱ्या दिवशी चालत निघाला. कचेरीत परतल्यावर त्याने चुलीचा नियम पुसला नाही. त्याच्याखाली केरसुणीचा नियम लिहिला, आणि दक्षिणेकडच्या सगळ्या जुन्या याद्या पुन्हा लावायला घेतल्या. अजून त्याच कामात आहे. अकरापैकी दोघे वाचले, वायसन आणि पलीकडच्या गावचा एक.

आता चौथं टिंब. मायबापहो, माझं मागणं याच्यासाठी आहे.

चौथी खोपी वरच्या वाडीतल्या एका अंगणाच्या कडेला होती. त्या अंगणातली बाई आणि तिच्या दोन्ही लेकी शाळेत पोचल्या नव्हत्या. नेडसनच्या मशीनला ज्या एका घरात माणसं मिळाली ते हेच घर. त्यामुळे खोपीतून गुरुवारी संध्याकाळी एक पुरुष निघाला तेव्हा तो कुणाचा भाऊ हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. साठीचा असेल. डोक्यावर लोकरीची राखी टोपी, खिशात सुतळीला बांधलेली एक किल्ली, जिचं कुलूप सापडलं नाही. कापणीनंतर आला होता, एवढं शेजाऱ्यांना ठाऊक होतं. कुठल्या गावी घरजावई होता, त्याला मुलं होती का, कुणाला माहीत नाही. त्याने कधी सांगितलं नाही, आणि विचारायला त्याच्याकडे कोणी गेलं नाही. पाळकांनी दोन रविवार पुकारा केला. कुणी आलं नाही.

लुफेयोच्या यादीत नावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, यंत्र पुढे जात नाही. त्याने तिथे लिहिलं, भाऊ.

जायलोसला आठवायला बहीण आहे, मुलगा आहे, सगळी मंडळी आहे. तुम्ही आज घरी जाऊन प्रार्थनेला बसाल तेव्हा या राखी टोपीवाल्याची आठवण ठेवा. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. भाऊ म्हणा.